चलतं वजन

लाडलेमिया मेस्तरी माणसाला नावानं हाक मारत नसत, वजनानं मारत. त्यांना तराजू लागत नसे. माणूस एक पायरी चढला की मेस्तरींचा डावा डोळा बारीक व्हायचा आणि तोंडातून आकडा बाहेर पडायचा. गावचे पाटील 'अडीच मण'. पाटलांचा कारभारी 'सव्वा मण, भिजला असला तर'. आणि मी, सोळा वर्षांची नवी नवरी, माहेरच्या कडा गावाहून बीडजवळच्या त्या गावी नांदायला आले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, तेव्हा शेजारच्या ओट्यावरून सासरचा पहिला शब्द माझ्या कानावर पडला तो असा: "दोन मण. दागिने धरून."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी तिथंच ठरवलं, की हा म्हातारा आपला जन्माचा वैरी. आता माझं मलाच हसू येतं, कारण म्हातारा अगदी बरोबर होता. दागिने नावापुरते होते. बाकी सगळी मीच होते. पण मला वाटायचं, आपण म्हणजे केवड्याचं पातं. आमच्या माहेरच्या आरशात तोंडच तेवढं मावायचं. खालचा मुलूख मी कधी पाहिलाच नव्हता.

निजामाचं राज्य होतं. सरकारच्या बांधकामखात्याला तामीरात म्हणत, आणि लाडलेमिया त्या खात्यातले मेस्तरी. आमच्या गावच्या नदीवरचा सागवानी तुळयांचा पूल त्यांनीच उभा केलेला. एका अंगाला रस्ता नारायणगडाकडं जायचा, दुसऱ्या अंगाला बीडकडं. पूल झाला, खातं पुढच्या कामाला लागलं, पण मेस्तरी काही हलले नाहीत. पुलाच्या देखरेखीला म्हणून आमच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं आणि तिथंच मुरले. घरात एकटे. बायको मागंच वारलेली, एकुलती एक लेक पार निजामाबादेकडं दिलेली.

त्यांची दुसरी खोड आणखी वाईट. पुलावर जड गाडी आली की हे हातातलं काम टाकून पुलाखाली जाऊन बसायचे. मान वर करून. आता मान वर करून पुलाखाली बसलेल्या पुरुषाबद्दल पाणवठ्यावरच्या बायका काय बोलतील, ते मी लिहायला नको. माझा तर ठाम विश्वास होता, की म्हातारा मलाच बघायला बसतो. म्हणून मी पुलावरून जाताना लुगडं आवळून, टाचा उचलून पळायची. मी पळताना फळ्या अशा वाजत, की खालच्या माणसाचे दोन्ही हात कान झाकण्यातच गुंतत असतील.

एक दिवस मेस्तरी आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "बाई, तुमची सून घटकाभर द्या. फळीवरून चलवायची हाय."

सासूबाई म्हणजे वाळलेली मिरची. रंगही तोच, गुणही तोच. दुसऱ्या कुणी असं मागितलं असतं तर त्याच्या सात पिढ्या फळीवरून चालल्या असत्या. पण मेस्तरींनी त्यांच्या गळक्या माळवदाला फुकट टेकू दिलेला. त्या म्हणाल्या, "चलवा की. बसून तरी काय करतीय." आणि शेंगांचं सूप घेऊन राखणीला स्वतः आल्या.

मेस्तरींच्या अंगणात दोन दगडांवर एक लांब फळी टेकवलेली होती. फळीच्या मध्याला खालून खिळा, खिळ्याखाली ताटात राख. एका टोकाच्या दगडावर ओल्या चिकणमातीचा गोळा, त्यावर फळीचं टोक. मी फळीवर चढले. चढल्या चढल्या माती चपटी झाली, राखेला मात्र काही नाही. मी पुढं चालले, तशी माती सुटली आणि खिळा राखेत उतरू लागला. मध्यावर आले, तेव्हा राखेत करंगळी जाईल एवढं भोक. पलीकडं गेले, की पुन्हा काही नाही.

"बघा," मेस्तरी म्हणाले. "मानूस त्योच, वजन त्येच. कडंला हुतं तवा दगडाला रडवलं, मदी आलं तवा फळीला. वजन गुनेगार न्हाई. वजनाची जागा गुनेगार."

मला एवढंच कळलं, की आपण गुन्हेगार नाही. इतका आनंद झाला, की मी न सांगता आणखी दोन फेऱ्या मारल्या.

मग त्यांनी सासूबाईंनाही माझ्या मागं चढवलं. दोघी लांब लांब चाललो, तेव्हा राखेत भोक जेमतेम. सासूबाई माझ्या पाठीला येऊन चिकटल्या, आणि मी मध्याच्या जराशी पुढं गेले, तर फळी अशी वाकली, की खिळा ताटाला लागून टण्ण वाजलं.

"म्हनून सासूसुनंनं अंतर ठिवून चलावं," मेस्तरी म्हणाले.

सासूबाईंना ते इतकं पटलं, की त्यांनी माझी चूल वेगळी करायचंच ठरवलं होतं. मी स्वयंपाक कसा करते ते आठवल्यावर विचार बदलला असावा.

मेस्तरींच्या लेखी सगळं जग दोन तऱ्हेचं होतं. बसतं वजन आणि चलतं वजन. पुलाच्या फळ्या, खिळे, कठडे हे बसतं वजन. त्याचा हिशोब एकदा केला की मिटला. गाड्या, गुरं, माणसं हे चलतं वजन. ते कुठं उभं राहील, कुणाला चिकटेल, सांगता येत नाही. "तुमच्या सासूबाई बसतं वजन," मला हळूच म्हणाले, "तुमी चलतं." मी विचारलं, आणि लेक? म्हणाले, "लेक तर चलतंच वजन. हिकडून चढली, तिकडं उतरली. उतरली की तुळई सरळ."

"खरंच सरळ होते का?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

ते राखेचं ताट साफ करत होते. म्हणाले, "तुळई तर हुते."

तेव्हा मी पुढं काही विचारलं नाही. मला भूक लागली होती.

फळीचा हा खेळ कशासाठी, ते मग समजलं. पुलाच्या मधल्या तुळईला चीर गेली होती. तामीरातीकडं सांगणं गेलं होतं, नवी तुळई येतीय असं उत्तरही आलं होतं, आणि उत्तर आलं तसंच राहिलं होतं. खालून टेकू लावायचा, तर पहिला टेकू पोरांनी होळीत घातला. दुसरा कुणाच्या तरी चुलीत गेला. कुणाच्या ते मी सांगणार नाही, पण त्या महिन्यात आमच्याकडं आंघोळीचं पाणी फार कडक तापायचं.

आणि आमच्या लोकांची रीत अशी, की नदी ओलांडायची तर तिला हळदकुंकू वाहायचं, पैसा टाकायचा. तोही काठावर नाही, भर धारेत. म्हणजे गाडी थांबायची कुठं, तर बरोब्बर पुलाच्या मध्यावर, चिरेच्या डोक्यावर. ती थांबली की मागची येऊन तिला चिकटायची. सासूसुनेसारखी. एकेकटी गाडी आली आणि गेली, तर तुळई वाकून पुन्हा उठत होती. दोन गाड्या मध्यावर चिकटून उभ्या राहिल्या, तर उठेल याची मेस्तरींना खात्री नव्हती. ते खालून ओरडायचे, "चलते रहो, थांबायचं न्हाई." वरून गाडीवान निजामाचा हाली पैसा धारेत टाकत निवांत म्हणायचा, "एवढ्यानं काय हुतंय, मेस्तरी."

नारायणगडची जत्रा तोंडावर आली होती. पुलावर गाड्यांची रांग लागणार. मेस्तरी जेवेनासे झाले. भिंतीपलीकडून भाकरीचा वास येईना, तसं मला राहवेना. दुसऱ्याची उपासमार मला स्वतःच्या उपासमारीसारखी लागते. मी भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, "मेस्तरी, तुमचं कुनी ऐकत न्हाई. आसरांचं ऐकतेल."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. नदीकाठी शेंदूर फासलेले सात दगड दिसले, की आमच्याकडचा माणूस आपसूक पायताण काढतो.

"आसरा कुटं हायत हितं?"

"आनायच्या."

मेस्तरींनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "मी मुसलमान मानूस. मी दगड ठिवला तर त्योच माझ्या डोक्यात घालतेल."

"तुमी जागा द्या. दगड मी ठिवते."

त्यांनी दोरी लावून जागा मोजून दिली. पुलाचं टोक टेकतं त्या भिंतीच्या अलीकडं, घट्ट जमिनीवर. इथं कितीबी गाड्या थांबू द्या, म्हणाले, भुईला भार कळत न्हाई. पण गाड्या दोन्ही अंगांनी येणार, म्हणून मी चारजणी अल्याड बसवल्या आणि तिघी पल्याड. साती बहिणींनी एकाच काठावर नांदावं असा काही निजामाचा कायदा नव्हता. भर दुपारी गाव पेंगत असताना देवघरातला शेंदूर तेलात कालवला आणि फासला. माझ्या हाताला तो चार दिवस होता. सासूबाईंना सांगितलं, मेंदी रंगली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईच धापा टाकत आल्या. "अगं ऊठ, नदीवर आसरा परगटल्यात." मला ओढत नेलं. मी वाकले, तर मागून बोलणं, "जरा नीट वाक, देवीम्होरं तरी." दोन मण वाकायला वेळ लागतो, हे त्यांना कधी समजलंच नाही.

पुढं मी पाणवठ्यावर एक पुडी सोडली, की आसरांना गाडीला गाडी चिकटलेली खपत नाही. एक उतरल्याशिवाय दुसरीनं चढू नये. आठवड्यात ती पुडी माझ्याकडंच परत आली, हातपाय फुटून. कुणीतरी तसं केलं आणि त्याचा बैल जागीच लंगडा झाला म्हणे. तो बैल आमच्याच आळीतला, जन्माचा लंगडा. पण मी हे ऐकून एवढी घाबरले, की घरी येऊन देवापुढं दिवा लावला.

जत्रा झाली. गाड्या आसरांपाशी थांबल्या, नारळ फुटले, आणि एकेक गाडी पूल ओलांडून गेली. मेस्तरी दिवसभर खाली बसून होते. संध्याकाळी वर आले ते डोक्यापासून दाढीपर्यंत धुळीनं माखलेले. मला एवढंच म्हणाले, "चाललं." आणि त्या रात्री भिंतीपलीकडून भाकरीचा वास आला.

वर्ष झालं तरी माझं पोट काही दिसेना. म्हणजे होतं ते होतंच, पण ते कामाचं नव्हतं. तेव्हा मी त्याच आसरांना नवस बोलले. मीच वेचलेल्या, मीच शेंदूर फासलेल्या दगडांना, डोळ्यांत पाणी आणून. मेस्तरींना सांगितलं, तर हसले नाहीत. म्हणाले, "जागा मी मोजलेली हाय. नवस पोचंल."

पोचला. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी मला कड्याला धाडायचं ठरलं. गाडीत मी, सोबतीला सासूबाई, ज्वारीचं पोतं, दोन डबे, आणि धुरेवर गाडीवान. आसरांपाशी थांबलो, ओटी भरली. मला वाटलं झालं. पण सासूबाई म्हणाल्या, आसरा येगळ्या आन् नदी येगळी. पयलटकरनीनं हळदकुंकू धारंतच वाहायला पायजे. मी म्हटलं, कशाला. त्या म्हणाल्या, नास्तिक हाईस का. आता आसरा कुणी आणल्या ते त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. गाडी मध्यावर जाऊन थांबली.

तुळई करकरली. मी हळदकुंकवाची मूठ भरून वाकले आणि फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं.

नदी घोट्याएवढी होती. लाडलेमिया मेस्तरी दगडांवर दगड रचून त्यावर उभे होते. दोन्ही हात वर, दोन्ही तळवे त्या चिरलेल्या तुळईला लावलेले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. माझ्या हातून मूठ सुटली ती थेट त्यांच्या दाढीवर. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्या फळीवर मी इतक्या फेऱ्या मारल्या होत्या, की म्हाताऱ्याच्या दोन तळव्यांनी एवढी गाडी पेलत नाही, हे मलासुद्धा कळत होतं. मग त्यांना कळत नसेल?

"खाली काय बघतीस?" सासूबाईंनी विचारलं.

"पानी," मी म्हणाले.

गाडी पलीकडं उतरली. मेस्तरी काठ चढून वर आले, दाढी अर्धी पिवळी, अर्धी लाल. सासूबाई म्हणाल्या, मेस्तरींना कुणी ओवाळलं का काय. मेस्तरींनी माझ्याकडं पाहिलंच नाही. गाडीवानाला तेवढं म्हणाले, "हळू हाण बे. लेक हाय गाडीत."

न्यायला आलेल्या सासूबाईंसोबत लेकरू घेऊन मी परत आले, तेव्हा नवी तुळई अजून येतच होती. मेस्तरींनी गाडी पल्याडच्या तिघी आसरांपाशीच अडवली. आधी मोकळी गाडी धाडली. मग सासूबाई. मग मी, अंतर ठेवून. लेकरू मात्र स्वतःकडं ठेवून घेतलं. म्हणाले, मी आनतो मागनं. मी अलीकडं उतरून वळून पाहिलं, तर मेस्तरींचा पत्ताच नाही, म्हणजे काठावर नाही. लाडलेमिया बरोब्बर पुलाच्या मध्यावर, चिरेच्या डोक्यावर, उभे होते. कठड्याशी टेकून लेकराला नदी दाखवत होते. गोष्ट लांबलचक दिसत होती.

सासूबाईंनी विचारलं, "मेस्तरी, किती शेर भरतंय?" त्यांना ऐकूच गेलं नाही.

मी तोंडाला हात लावून त्यांचंच त्यांना ओरडले, "चलते रहो मेस्तरी, थांबायचं न्हाई."

त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. लेकराचं टोपडं नीट करत म्हणाले, "एवढ्यानं काय हुतंय."