राघोकाकांचे उसने मेद्यातोर

आमच्या गल्लीत गिटार एकच होती, पण मेद्यातोर मात्र घरोघरी होते.

मेद्यातोर म्हणजे गिटारची तार छेडायची ती छोटी तिकोनी चकती. सतारवाल्यांची नखी असते ना, तिचीच ही बहीण. फक्त ही बोटात घालायची नाही, चिमटीत धरायची. मॉरिशसमध्ये आम्ही तिला फ्रेंच नावानंच ओळखतो. मी ओळखत नव्हते. लग्न होऊन लॉंग माउंटनहून फिनिक्सला आले, अंगावरची हळदही धड उतरली नव्हती, आणि एका सकाळी मी कपडे वाळत घालत असताना कुंपणापलीकडून एक हात आला. हातात पिवळी चकती. हातामागे पांढऱ्या मिशा आणि डोक्यावर बस कंडक्टरची जुनी टोपी.

"धर, बाय. वापरून बग. आयतवारी परत दे."

मी म्हटलं, "काका, माझ्याकडे गिटार नाही."

"मंग घाई नाय," असं म्हणून हात परत गेला.

हे राघोकाका. गल्लीतले क्रेओल लोक आणि कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार त्यांना तोंतों राघो म्हणत; तोंतों म्हणजे काकाच. उभी हयात क्युरपीपच्या बसवर कंडक्टरी केलेली. त्यांचं म्हणणं असं की, तिकिटं फाडून फाडून त्यांच्या चिमटीला जी अक्कल आली होती ती भल्याभल्या गवयांच्या कानाला नसते. "हाताला आदी कळतं, कानाला मागनं," हे त्यांचं पेटंट वाक्य. दुधाला, भाजीला, माणसांनासुद्धा ते हेच लावत. कुणाशी हात मिळवला की मला बाजूला घेऊन सांगत, "त्रो मू. लई मऊ. ह्याच्यावर भरवसा ठेवू नको." आमच्या ह्यांच्याशी हात मिळवूनही ते असंच काहीतरी म्हणाले होते, आणि ते खोटं होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

मेद्यातोर निवडणं हा त्यांच्या लेखी सोयरीक जमवण्याइतका गंभीर मामला होता. आधी तो खालच्या ओठावरून फिरवायचा. खरखर लागली तर दाराच्या सिमेंटच्या पायरीवर कड घासायची. मग कानाजवळ धरून वाकवायचा. मग वरून जमिनीवर टाकायचा आणि डोळे मिटून पडल्याचा आवाज ऐकायचा. एवढं सगळं झाल्यावर गिटार मांडीवर घेऊन एकदाच सगळ्या तारांवरून हात. एकदाच! गाणं नाही, चाल नाही. त्या एका झणकाऱ्यावर निकाल. पातळ असेल तर "झरझर वाजवाया बरा, पन वजन नाय." जाड असेल तर "एकेक तार बोलवाया चांगला, पन त्रो दिर, लई कडक, हात दुखवतो." टोकदार असेल तर आवाज चकचकीत, गोल असेल तर झोपाळू. नारळाच्या करवंटीचे, शिंगाचे, साबणाच्या बाटलीचे, मोडक्या बादलीचे, कशाकशाचे मेद्यातोर ते कापत. माझ्या सासूबाईंची नवीकोरी पावडरची डबी तशीच गेली. त्यावर सासूबाई जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

विकतचेही असत. काकांचा एकुलता एक मुलगा पॅरिसला असे. नवीन वर्षाला त्याच्याकडून एक पाकीट येई, त्यात तिथल्या दुकानातले रंगीत मेद्यातोर. मुलगा यायचा नाही, मेद्यातोर यायचे. काका ते पाकीट गल्लीभर दाखवत. चिनी दुकानदारानं एकदा विचारलं, "महागाचे असतील ना, तोंतों?" काका म्हणाले, "किंमत दुकानवाला सांगतो ती नाय. हरवल्यावर तू किती शोदतोस, ती त्येची किंमत." दुकानदार पक्का व्यापारी; त्याला हे मुळीच पटलं नाही.

काकांना गिटार येत होती का, यावर गल्लीत दोन पक्ष होते. तरुणपणी लग्नाच्या आदल्या रात्रीच्या गाण्यांत ते वाजवत, असं सासूबाई सांगत. मी आले तेव्हा त्यांची बायको सीताकाकू होती. ती दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसे आणि आत झणकारा झाला की मान वर न करता निकाल देई. "बरा." नाहीतर "टोचतो." बस्स, दोनच शब्द. टोचतो म्हटलं की तो मेद्यातोर पुन्हा पायरीवर घासायला येई. काका हाताच्या अकलेच्या एवढ्या बाता मारत, पण काकूच्या कानाशिवाय एकही मेद्यातोर कधी पास झाला नाही.

सीताकाकूचं आणि आमचं कुंपणावरून दळणवळण होतं. तिच्याकडून वाटी आली की आमच्याकडून भरून जाई, आमची ताटली गेली की तिच्याकडून भरून येई. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं हे आपल्या लोकांनी बोटीतून येताना कपड्यालत्त्याबरोबर आणलेलं. ताटलीत काही नसलं तर काकू चिमूटभर साखर तरी घाली. कधीकधी तर कुणाचं भांडं कुणाकडे हेच कळेनासं होई. मग एका हिवाळ्यात काकू चार दिवसांच्या तापात गेली. सगळी गल्ली जमली, तेरावं झालं, आणि लोक आपापल्या घरी गेले. कुंपणावरून भांडी यायची थांबली. काकांना चहापलीकडे काही रांधता येत नव्हतं. त्यांच्याकडून काही जाईना, म्हणून त्यांच्याकडे काही येईना. कुणी वाईट नव्हतं. फक्त कुणाकडे त्यांचं भांडं नव्हतं.

त्यानंतर मेद्यातोरांचा सुळसुळाट झाला.

आधी ते गंमत म्हणून एखाददुसरा देत. आता जो दिसेल त्याच्या हातात. पोस्टमनला दिला, सुईणीला दिला, देवळातल्या भटजींना आरती चालू असताना दिला. दर आयतवारी सकाळी डोक्यावर टोपी चढवून काका दारोदार फिरत. "की मान्येर? कसा हाय मेद्यातोर?" लोकांना काहीतरी सांगावं लागे. चिनी दुकानदार त्यानं खारवलेल्या माशांच्या डब्याचं झाकण उचकटत असे. भटजींनी पोथीत खूण म्हणून घातला होता. सासूबाई त्यानं दुधाच्या पातेल्याची खरवड काढत आणि तोंडावर सांगत, "आवाज बिवाज नाय माहीत, पन खरवड झ्याक निगते." काका गंभीरपणे मान डोलवत. "म्हंजे कडक हाय. कोरेक, बराबर. असू दे, पुडल्या आयतवारी परत दे." मग ओट्यावर बसत. त्यांना चहा द्यावाच लागे. चहा संपला तरी ते कप बराच वेळ हातात धरून बसत.

गल्ली कंटाळली. माणूस येताना दिसला की लोक मागच्या दारानं सटकत. आमचे हे तर एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात लपले. आणि लोक काकांना चिक्कू म्हणू लागले: नखाएवढ्या प्लास्टिकसाठी म्हातारा दर आठवड्याला दार वाजवतो! मलाही हसू यायचं. आयतवारची सकाळ, स्वयंपाकाची घाई, आणि हे दारात.

शेवटी देवाजींनी मनावर घेतलं. देवाजी म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. फार भला माणूस. जगात कुठलीही गोष्ट जागच्या जागी नसली की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी घरोघरी हिंडून मेद्यातोर गोळा केले. खारट वासाचे, दुधाळ, पोथीतले, सगळे धुऊनपुसून बिस्किटांच्या एका डब्यात भरले. डब्याला लाल रिबीन. गणेश चतुर्थीच्या तयारीची बैठक होती, बैठकीच्या खोलीत सगळी मंडळी जमली होती. पोरी झाकरीच्या, म्हणजे कोकणातल्या जाखडीच्या, नाचाची तालीम थांबवून घाम पुसत उभ्या होत्या. देवाजींनी काकांना पुढे बोलावलं, गळ्यात हार घातला आणि छोटंसं भाषण केलं.

"राघोकाका, तुमची वस्तू गल्लीकडे अडकून पडली होती. ही घ्या. सगळे मेद्यातोर परत! आता ह्या वयात तुम्हाला कुणाच्या दारात जायला नको."

टाळ्या झाल्या. सासूबाईंच्या सगळ्यात जोरात.

काकांनी डबा उघडला. एकेक चकती बोटानं सरकवून पाहिली. टोपी काढली, परत घातली.

"सगळे आले?"

"सगळे!" देवाजी म्हणाले.

"मेर्सी," काका म्हणाले. "लई तकलीप घेतली तुमी." आणि हार गळ्यात तसाच ठेवून, डबा काखेत मारून घरी गेले. इतका भरलेला डबा आणि इतका रिकामा माणूस मी पाहिला नव्हता. माझं हसू तिथंच थांबलं. सीताकाकूची वाटी, आमची ताटली, कुंपण, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. तिच्यामागं काकांकडे द्यायला दुसरं होतं तरी काय?

पुढच्या आयतवारी कुणी दार वाजवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमचे हे ओट्यावर पाय पसरून म्हणाले, "आयो, किती शांत वाटतं!" मला नाही वाटलं. पलीकडे झणकाराही होत नव्हता. खिडकी बंद. टोपी तेवढी दोरीवर वाळत असे, म्हणजे माणूस आहे.

चतुर्थी झाली, आणि घर आवरताना शिवणाच्या मशिनीमागे मला एक पिवळी चकती सापडली. नवी नवरी असताना कुंपणावरून आलेली तीच. देवाजी मागायला आले तेव्हा ती सापडली नव्हती, आणि मी तसं सांगायचं विसरून गेले होते.

सासूबाई म्हणाल्या, "नेऊन दे बाई एकदाची. कटकट मिटली."

मी गातो पीमां तळले. वाटाणाडाळीचे हे तिखट वडे काकूला फार आवडत. ताटलीत घातले, चकती पदराला बांधली, आणि कुंपणाला वळसा घालून काकांच्या दारी गेले. किती महिन्यांनी गेले कोण जाणे. काकांनी दार उघडलं. टेबलावर तो डबा, रिबिनीसकट. गिटार भिंतीला टेकून, तिच्यावर धूळ.

काकांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"बाय, म्या मोजले. एक कमी हाय. पिवळा. तुजाच यायचा हाय ना?"

पदराची गाठ माझ्या मुठीत होती.

"हो काका. सापडत नाही."

"नाय सापडत?"

"सगळीकडे शोधला. मशिनीमागे पाहिला, कपाटाखाली पाहिला. परत शोधते."

"शोद, शोद. घाई नाय." त्यांनी टोपी शोधून डोक्यावर घातली, घरात असूनसुद्धा. "म्या येतो ना आयतवारी इचाराया."

मग त्यांनी स्वतःहून रिबीन सोडली. डब्यात बोटं घालून एक मेद्यातोर काढला, ओठावरून फिरवला, गिटारवरची धूळ बाहीनं पुसली आणि तारांवरून एकदा हात फिरवला. माझ्याकडे बघत राहिले. मला सुरांतलं ओ की ठो कळत नाही. पण काय विचारताहेत ते कळलं.

"टोचतो," मी म्हटलं.

काकांनी चकतीची कड अंगठ्यानं चाचपली. मग खाली बघून म्हणाले, "सा मेम, त्येच. मला बी तसंच वाटत हुतं." आणि उठून पायरीवर कड घासायला बसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, ती मी मुद्दाम तशीच राहू दिली आणि घरी आले.

आयतवारी दार वाजलं. आमचे हे खुराड्याकडे निघाले, त्यांना मी डोळ्यांनीच जागेवर बसवलं. दारात काका. हातात माझी ताटली, लख्ख घासलेली. तिच्या मधोमध एक मेद्यातोर. साबणाच्या बाटलीचा, वेडावाकडा कापलेला, कड अजून खरबरीत.

"रिकामी द्याची नसती," काका म्हणाले. "सीता वरडंल." मग चकतीकडे बोट करून घाईघाईनं म्हणाले, "हा काय चांगला नाय बग. लई वायट हाय. पन वापर, आनि किती वायट हाय ते सांग मला."

मी ताटली घेतली. आत वळून चहाचं आधण ठेवलं, आणि हे ऐकत होते तरी मोठ्यानं म्हटलं, "आजच नाही सांगता यायचं, काका. पुढच्या आयतवारी या. तो पिवळाही अजून सापडायचा आहे."