गेनू कासवाची पाठ आणि सुगरणीची झोळी

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाला दुसऱ्याच्या दुखण्यावरचं औषध माहीत होतं. स्वतःच्या दुखण्यावरचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे तिथे कुणी आजारी पडलं की सगळं जंगल आनंदानं कामाला लागायचं.

त्या जंगलातल्या तळ्याकाठी गेनू नावाचं एक कासव राहायचं. गेनू स्वभावानं फार भिडस्त. कुणी मोठ्यानं ‘काय गेनू!’ म्हटलं, की तो आधी मान आत घ्यायचा आणि मग आतूनच उत्तर द्यायचा.

गेनूच्या आईनं त्याला लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती.

“गेन्या, दारात कुणी आलं की तोंडभरून ‘या, बसा’ म्हणावं. खायला-प्यायला द्यायला काही नसलं तरी चालेल. पण ‘बसा’ म्हटल्याशिवाय कुणाला परत पाठवू नये.”

शिकवण चांगलीच होती. पण तुम्ही हुशार मुलं, तुमच्या लक्षात आलंच असेल. कासवाचं घर कुठे असतं? त्याच्या पाठीवर. मग घरी आलेल्यानं बसायचं कुठे?

सकाळी ऊन पडलं, की पहिला यायचा चिमाजी ससा.

“गेनूदादा, आहेस का घरात?”

“आहे की. या, बसा.”

चिमाजी टुणकन उडी मारून पाठीवर बसायचा आणि कोल्ह्याच्या तक्रारी सांगायचा. तो असतानाच वानरांचे म्होरके आण्णा यायचे. ते येताना सीताफळ घेऊन यायचे, गर स्वतः खायचे आणि बिया गेनूच्या तोंडासमोर थुंकायचे. दुपारी यायचे भाऊसाहेब रानडुक्कर. भाऊसाहेब कधी बसायचे नाहीत.

“बसत नाही रे गेनू, घाईत आहे. जरा टेकतो,” असं म्हणून ते दिवस मावळेपर्यंत टेकायचे.

होता होता गेनूची पाठ दुखायला लागली. आधी त्यानं अंगावर काढलं. पण पुढे पुढे त्याला पाण्यापर्यंतही जाववेना. अर्ध्या वाटेत कळ यायची आणि तो तिथेच थांबायचा. तळं समोर चमकत असायचं. एखाद्या दिवशी आपण इथेच, पाणी बघत बघत सुकून जाणार, अशी भीती त्याला वाटायला लागली.

शेवटी त्यानं भीत भीत सांगितलं, “माझी पाठ दुखते.”

“तुझी पाठ?” चिमाजी हसून लोळायचाच बाकी राहिला. “अरे, दगड आहे तो! मी रोज बसतो, मला माहीत नाही होय?”

पण बातमी पसरली. सगळे विचारपूस करायला आले. त्या जंगलात रिकाम्या हातानं आलेलं चालायचं, पण उपाय न सांगता गेलेलं चालायचं नाही. चिमाजीनं दूर्वांचा लेप सांगितला. आण्णांनी तापलेल्या दगडाचा शेक सांगितला. भाऊसाहेब म्हणाले, “चिखलात लोळ. आमच्या सात पिढ्यांत कुणाला पाठदुखी नाही.”

हे सगळे उपाय त्यांनी गेनूच्या पाठीवर बसूनच सांगितले. आजाऱ्याच्या घरी उभ्या उभ्या बोलणं बरं दिसत नाही.

त्या दिवशी गेनूच्या तोंडात एक शब्द आला. ‘उठा.’ अगदी जिभेच्या टोकापर्यंत आला. तेवढ्यात त्याला आई आठवली. त्यानं तो शब्द गिळला आणि म्हणाला, “लगेच निघालात? बसा की अजून थोडं.”

खरं तर कुणी निघालंच नव्हतं.

हे सगळं वरच्या बाभळीवरून सुगरणकाकू बघत होत्या. त्यांची खोप्यांची हारच्या हार पाण्यावर लोंबत होती.

“गेनू,” त्या म्हणाल्या, “माझी पिल्लं जन्मल्यापासून टांगलेल्या घरात झोपतात. त्यांची पाठ दुखल्याचं ऐकलंस कधी?”

गेनूनं ऐकलं नव्हतं. पिल्लांना अजून बोलता येत नव्हतं, ही गोष्ट निराळी.

“मग झालं तर! तुला झोळी विणून देते. चांगला लोंबत झोप.”

काकूंनी गवताचे धागे काढले, पळसाच्या मुळ्यांचा दोर वळून घेतला आणि चोच दुखेपर्यंत विणून एक सुरेख झोळी तयार केली. वानरांनी ती जांभळीच्या दोन फांद्यांना बांधली. मग गेनूला त्यात कसं ठेवायचं, यावरून वाद झाला. पोटावर की पाठीवर?

“दुखणं पाठीचं, मग झोळीत पाठच नको का?” आण्णांनी निकाल दिला.

त्यांनी गेनूला उताणा केला, झोळीत घातला आणि ‘हुप, हुप’ करत वर ओढला.

गेनूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. उताणं पडणं ही कासवाला शिवीपेक्षा वाईट गोष्ट. पण झोळी हळूच हलली. तिचा खोलगटपणा आणि त्याच्या पाठीचा फुगवटा एकमेकांत बरोब्बर बसले. त्यानं एक डोळा उघडला. वर केवढं तरी निळं काहीतरी होतं.

“काकू, हे काय आहे?”

“आभाळ आहे ते. पाहिलं नव्हतंस?”

“पाण्यात पाहिलं होतं,” गेनू म्हणाला. “हे कोरडं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजी आला.

“गेनूदादा, आहेस का घरात?”

“आहे की. या, बसा,” वरून आवाज आला.

चिमाजीनं वर पाहिलं. खाली पाहिलं. स्वतःभोवती एक चक्कर मारली. बसायला काही दिसेना.

“बरं,” तो म्हणाला, “मग निघतो.”

‘निघतो’ हा शब्द गेनूनं जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्याला तो पुन्हा ऐकावासा वाटला, आणि आण्णा व भाऊसाहेब यांनी तो पुन्हा ऐकवला. भाऊसाहेबांनी आधी झाडाला टेकून पाहिलं, पण जांभळीचं खोड फार खरबरीत निघालं.

संध्याकाळी वानरं झोळी खाली सोडायची आणि गेनू पाण्यात जाऊन यायचा. पहिल्या दिवशी रखडत गेला. काही दिवसांनी तरातरा जायला लागला. पुढे एकदा तर वाटेत गोगलगाय भेटली, तिला त्यानं मागे टाकलं.

“लागू पडली! झोळी लागू पडली!” काकू पंख फडफडवत ओरडल्या.

गेनूला आतून वाटत होतं, की गोष्ट झोळीची नसावी. त्यानं एकदा सुरुवातही केली, “काकू, मला वाटतं, ते बसत नाहीत ना, म्हणून...” पण काकूंच्या चोचीला विणून विणून घट्टे पडले होते. त्यांना वाईट वाटेल. त्यानं वाक्य मान आत घेऊन संपवलं.

आता गंमत ऐका. ज्यांची पाठ कधी दुखली नव्हती, त्यांनाही झोळी हवीशी वाटायला लागली. आण्णांनी तळ्याकाठी झोळीनिद्रा शिबिर भरवलं. घराघरांतून झोळ्या लोंबायला लागल्या. सांबराची शिंगं जाळीत अडकली, ती सोडवता सोडवता दुपार झाली. साळिंदर रात्री झोळीत झोपलं ते सकाळी जमिनीवर सापडलं, आणि झोळीची नुसती भोकं उरली. भाऊसाहेबांची झोळी त्यांच्या वजनानं इतकी खाली आली, की ते जमिनीवरच झोपत, पण झोळीसकट.

“आण्णा, माझी पाठ आधी दुखत नव्हती. आता दुखते,” चिमाजी म्हणाला.

“वा! म्हणजे गुण यायला लागला. आत दडलेलं दुखणं बाहेर पडतंय.”

“सगळं बाहेर पडायला किती दिवस लागतील?”

“ते तुझ्या श्रद्धेवर आहे.”

पण सगळ्यांचीच दुखणी बाहेर पडायला लागली आणि पडून काही संपेनात. मग कुजबुज सुरू झाली. झोळ्या त्याच, दोर तोच, विणणारी तीच. मग गुण एकट्या गेनूलाच कसा? म्हणजे गुण त्या एका झोळीत असणार! झालं. सगळे जांभळीखाली जमले.

“गेनूदादा, आहेस का घरात?”

गेनूनं झोळीच्या कडेवरून पाहिलं. चिमाजीला पाठीवर घेऊन आण्णा खोडावरून वर येत होते. खालून भाऊसाहेबांना वानरं दोरानं वर ओढून घेत होती. ‘नका’ म्हणायला एवढा एकच क्षण होता.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

ते बसले. भाऊसाहेब नुसते टेकले. दोर कर्रकन वाजला आणि तुटला.

खाली चिखल होता म्हणून सगळे वाचले. इतर तिघे अंग झाडून उठले. गेनू मात्र उताणा पडला होता. चारी पाय हवेत, मान लोंबलेली. पाठ पुन्हा ठणकत होती आणि तळं उलटं दिसत होतं. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

“गेनू, बोल काहीतरी!” काकू रडवेल्या झाल्या.

गेनूनं मनाशी ठरवलं. आता नाही तर कधीच नाही. त्यानं मोठा श्वास घेतला. तोंड उघडलं. सगळ्यांनी कान टवकारले.

“उ...” गेनू म्हणाला.

“काय? उ काय?”

“उ... उभे का राहिलात? बसा की.”

चिमाजीनं उडी मारली आणि आश्चर्यानं पाय आपटून पाहिले.

“अरे आण्णा, या, या! ही बाजू तर अगदी सपाट आहे!”

सुगरणकाकू गवत आणायला उडाल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, “पोटदुखीची झोळी जरा वेगळी विणावी लागेल.”

तात्पर्य : पाठ दुखत असेल तर अंग खुशाल झाडाला टांगावं. ‘उठा’ म्हणण्याइतकं ते अवघड नाही.