प्रमिलाताईंचा 'ले'

आमच्या गल्लीत म्हशीला फ्रेंचमधून हाकलणाऱ्या एकच बाई आहेत आणि त्या माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. मागच्या उन्हाळ्यात एकदा सकाळी सहा वाजता त्यांच्या अंगणातून "आले! आले!" अशी आरोळी उठली. बुलढाण्यात उन्हाळ्यात सकाळी कोणी "आले" म्हणून ओरडलं, की त्याचा अर्थ एकच असतो. नळ आले. मी अर्धी दाढी तशीच ठेवून बादल्या घेऊन धावलो. पाच मिनिटांत सगळी गल्ली हंडे, कळशा आणि पाइप घेऊन रस्त्यावर. नळ ठणठणीत कोरडे. आणि प्रमिलाताई गवळ्याच्या म्हशीला मेंदीच्या कुंपणातून बाहेर ढकलत ओरडतच होत्या, "आले! आले!"

"ताई, कुठी आले नळ?"

"नळाचं नाव कोनं घेतलं? फ्रेंचमंदी 'आले' म्हंजे 'जा'! म्हशीले सांगून राह्यली मी."

"म्हशीले फ्रेंच समजते का?"

"मराठी समजते का? पंधरा दिवसांपासून मराठीत सांगून राह्यली तिले."

मी रिकाम्या बादल्या उचलल्या. म्हैस गेली, हे मात्र खरं.

मी कोर्टाबाहेर टेबल टाकून दस्त लिहितो. दिवसभर लिहून देणार आणि लिहून घेणार यांच्या मधे बसून माणसांची पारख झाली आहे, असा माझा समज होता. प्रमिलाताईंनी तो मोडीत काढला. बाई सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावरून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही, आणि कुणी कारण विचारलं तर त्यालाच आवक क्रमांक विचारतील अशी नजर. निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांच्या मागे लागतात. ताईंनी ट्रंकेतून कॉलेजातली फ्रेंचची वही काढली. तरुणपणी दोन वर्षं पुण्याला असताना शिकलेली भाषा आता घासूनपुसून लख्ख करायची आणि शिक्षिका व्हायचं, असं त्यांनी साठीला टेकल्यावर ठरवलं. चिखली रस्त्यावरच्या एका नव्या शाळेनं सहावीपासून फ्रेंच जाहीर केलं होतं. ठरलेल्या बाईंनी गावाला रेल्वे नाही असं कळल्याबरोबर नकार कळवला आणि जागा रिकामी राहिली. ताईंना ती जागा हवी होती. एवढी हवी होती, की शाळेच्या रस्त्यानं जाताना त्या रिक्षातसुद्धा ताठ बसायच्या.

मग सुरू झाला अभ्यास. म्हणजे आमचा छळ. फ्रेंचमधला 'र' घशातून काढावा लागतो. ताईंचा 'र' पहाटेपासून निघू लागला, तेव्हा माझ्या बायकोनं काळजीनं अडुळशाचा काढा नेऊन दिला. ताईंनी तो पिऊन घेतला आणि 'र' चालूच ठेवला. बाजारात वांग्यांच्या ढिगापुढे उभं राहून त्यांनी रहीमचाचांना विचारलं, "ओबेर्जीन कसे दिले?" चाचांनी चष्मा वर केला. "बाजी, वो मेडिकल में मिलेंगा."

आपली सगळी नोकरी त्यांनी त्या भाषेला लावली होती. फ्रेंच शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहितात पण उच्चारत नाहीत. यावर ताईंचं ठरलेलं वाक्य होतं, "हे अक्षर मस्टरवर हाये, जाग्यावर नाई." पाण्याला 'ओ' म्हणतात, पण लिहायला तीन अक्षरं लागतात आणि त्या तिघांत 'ओ' एकही नाही. ताईंना याचं मुळीच नवल वाटलं नाही. "तिघं टेबलावर बसून राह्यले न् काम चौथ्याचं होऊन राह्यलं. आमच्या हापिसात हेच होतं, भाऊ." एखादा शब्द पाठ होऊन दुसऱ्या दिवशी विसरला, की त्या कपाळावर हात मारून म्हणायच्या, "जावक झाला!"

पुढे तर त्यांनी सिद्धांतच मांडला. एखादं काम चालू आहे हे सांगायला फ्रेंच माणूस 'आँ त्रँ द' असे तीन शब्द खर्च करतो. "आपून बी तेच करतो. 'जेवून राह्यलो.' पुन्याचे लोक 'जेवतोय' म्हनून मोकळे होते. कायची घाई हाये त्याहीले? फ्रेंच आपल्या जवळची भाषा हाये, भाऊ." मी मान डोलावली. सकाळी सकाळी वाद घालायला मला कोर्ट पुरतं.

शाळेला फ्रेंचचं प्रमाणपत्र हवं होतं. त्या परीक्षेसाठी पुण्याचं केंद्रही मिळत होतं, पण ताईंनी नागपूर घेतलं. का, विचारलं तर तोंड फिरवून तुळशीला पाणी घालू लागल्या. परीक्षा झाली, ताई चांगल्या गुणांनी पास झाल्या, पेढे वाटले. आता फक्त शाळेतला डेमो उरला होता. पंचवीस मिनिटांचा एक तास. मुख्याध्यापकांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, की हा तास जमला नाही तर यंदा फ्रेंच बंद, मुलांना दुसरा विषय देऊ. आणि तास बघायला पुण्याहून एक तज्ज्ञ बाई येणार आहेत.

'पुण्याहून' ऐकलं आणि ताईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्या शुद्ध बोलू लागल्या. "वसंतराव, मला जरा वर्तमानपत्र देता का?" मी 'भाऊ'चा 'वसंतराव' झालो. नवी चप्पल चावत असताना माणूस हसून चालतो, तसं ते बोलणं होतं. आमच्या बायकोला तर वाटलं, काहीतरी भांडण झालं.

डेमोच्या दिवशी तक्त्यांची गुंडाळी घेऊन मी शेवटच्या बाकावर बसलो. शेजारी मुख्याध्यापक आणि पुण्याच्या बाई. ताईंनी सुरुवात केली, "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण उपपदांचा परिचय करून घेणार आहोत." मित्र मख्ख. ताईंनी फळ्यावर गाईंचं चित्र लावलं. "ले वाश. म्हणजे गाई." पोरांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. आवाज नाही, प्रश्न नाही. तास हातातून चालला आहे, हे मला शेवटच्या बाकावरून दिसत होतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. पिंपळगाव राजाहून मामाकडे शिकायला आलेली. तिनं मनापासून विचारलं, "मॅडम, गायीले काय द्याचं?"

सगळा वर्ग फुटला. मागून कुणीतरी "गायीलेऽऽ" म्हणून नक्कल केली. मुलगी मटकन खाली बसली आणि पुस्तकात तोंड घातलं. पुण्याच्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मी मनातल्या मनात तक्ते गुंडाळले.

ताईंनी खडू टेबलावर ठेवला.

"काऊन हासले बे?"

तो आवाज आवक-जावकच्या टेबलावरचा होता.

"जे तिले सुचलं, ते तुमच्यातल्या एकाले तरी सुचलं का? उठ वं माय, तू उठ. बरोबर इचारलं तू. आपला 'ले' गायीच्या मागं चालते. गायीले. तो आला म्हंजे काही तरी द्या लागते, चारा द्या, पानी द्या. फ्रेंचवाल्याहीचा 'ले' गायीच्या पुढं चालते. तो काही देत नाई बाप्पा, निस्ता सांगते का गाई बऱ्याच हायेत. एकटी गाय असली तं 'ला वाश'. बऱ्याच झाल्या का 'ले वाश'. शेवटी एक 'एस' लिहिते, पन तो मस्टरवर हाये, जाग्यावर नाई!"

पोरं हसली, पण आता वेगळी हसली.

"आता पाहा. तुमी घरी 'मले' म्हनता, पुन्याचे लोक 'मला' म्हनते. फ्रेंचच्या घरात 'ला' बी हाये न् 'ले' बी हाये. दोघंही नांदते. कोनी कोनाले हासत नाई. म्हना, ला वाश!"

"ला वाश!"

"ले वाश!"

"ले वाश!" खिडक्या हादरल्या. मग टेबल आलं, खुर्ची आली, दार आलं. एकाचं 'ला', अनेकांचं 'ले'. सगळ्यात मोठा आवाज पिंपळगाव राजाचा. घंटा झाली तरी पोरं उठेनात. पुण्याच्या बाई मात्र उठल्या, पुढे गेल्या आणि ताईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "पंधरा वर्षं शिकवतेय मी. हे मला एकदाही सुचलं नाही." मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथं नेमणुकीचा फॉर्म हातात ठेवला. सोमवारपासून रुजू!

मी शाळेत शिट्टी वाजवली. वयाला शोभत नव्हतं, पण वाजवली.

येताना आम्ही माझ्या टेबलाशी थांबलो. फॉर्म मी भरणार होतो, तो मान माझाच. चहा आला. ताईंनी तो हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"भाऊ, पुन्याले कॉलेजात पयल्याच दिवशी सरांनी इचारलं, हे कोनाले येते? मी हात वर केला. म्हटलं, 'मले येते.' सारा वर्ग हासला. मंग होस्टेलात माह्यं नावच 'मले' पडलं. मले, इकडे ये. मले, जेवली का? दोन वर्षं मी कोनाशी तोंड उघडलं नाई. येकटी फिरो, येकटी जेवो. निस्ती फ्रेंचच्या तासाले बोलो. तिथं साऱ्याहीचीच बोबडी वळे. तिथं साऱ्या पोरी 'ले, ले' करत, न् बाई शाबास म्हने."

त्या हसत होत्या. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं, याची लाज वाटली. मी खाली मान घालून फॉर्म भरत राहिलो. नाव, पत्ता, शिक्षण. 'मातृभाषा' या रकान्यात सवयीनं 'मराठी' लिहिलं.

ताईंनी कागद ओढून घेतला. 'मराठी'च्या पुढे स्वतःच्या हातानं, ठळक, 'वऱ्हाडी' लिहिलं आणि खाली सही केली.

दस्त वाचून दाखवायची आमच्या धंद्यात रीत आहे. मी उभा राहिलो आणि कोर्टाच्या आवाराला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. 'मातृभाषा मराठी, वऱ्हाडी' हे तर टाचा उंचावून वाचलं.

"तेवढं पुन्हा वाचा, भाऊ," प्रमिलाताई म्हणाल्या.