अडकित्त्याखालची गोळी

साखरखेर्ड्याच्या उकंडरावांचा रक्तदाब वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. प्रकरण गंभीर असल्याने चिठ्ठी त्याच दिवशी पारावर विचारार्थ ठेवण्यात आली.

पारावर शालिग्राम सर्वांत जाणते. त्यांच्या थोरल्या भावाला एकदा गोळीने मळमळ झाली होती. तेव्हापासून औषधांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा.

"डॉक्टरवर भरोसा ठेवाचा का नाही, भाऊ?" उकंडरावांनी विचारले.

"ठेवाचा. पण अर्धा." शालिग्रामांनी बंडीच्या खिशातून अडकित्ता काढला आणि गोळीचे दोन तुकडे केले. "हे घे. जीव बी वाचते अन् किडनी बी."

उरलेला तुकडा पारावर शेजारी बसलेल्या जानरावांनी तोंडात टाकला. त्यांना आजार काही नव्हता, पण फेकून देणे जिवावर आले.

महिन्याने तपासणी झाली. दाब होता तिथेच.

"गोळी घेता ना?"

"हाव सायेब. रोज सकाळी घेतो."

बाहेर चाळीस माणसे बसली होती. डॉक्टरांनी मान वर न करता दुप्पट ताकदीची गोळी लिहिली.

"पाह्यलं? दुप्पट केली," शालिग्राम म्हणाले. "कंपनीवाले सहलीले नेतात त्याले. फुकट नेतात का बे?"

दुप्पट गोळीचे चार तुकडे करण्याचा ठराव एकमताने झाला. पुढल्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा दुप्पट केली, पाराने आठ केले. आठवा तुकडा म्हणजे भुकटीच. ती सुपारीच्या चुऱ्यात मिसळून घ्यावी लागे. कागदावरची गोळी चौपट झाली, उकंडरावांच्या पोटात रतीभरही जास्त गेले नाही. दोन्ही पक्ष समाधानी होते.

"डॉक्टरले सांगा ना, आठवा हिस्सा घेतो म्हणून," उकंडरावांच्या पत्नी झुंबरबाई एकदा म्हणाल्या.

"सांगतलं तर रागावन ना तो."

दिवाळीनंतर शालिग्राम लेकीकडे लोणारला गेले. अडकित्ता त्यांच्या बंडीत गेला. उकंडरावांनी दोन सकाळी वाट पाहिली. तिसऱ्या सकाळी त्यांनी नाइलाजाने चिठ्ठीत लिहिले होते तसे केले. आख्खी गोळी गिळली. दाब धाडकन उतरला, न्हाणीत घेरी आली आणि खुबा मोडला.

दवाखान्यात खाटेभोवती पार जमला. शालिग्राम लोणारहून तडक आले.

"इतके महिने माह्यं ऐकलं, काही झालं का तुले? एक दिवस डॉक्टरचं ऐकलं अन् आडवा झाला."

यावर झुंबरबाई सोडून कोणालाच काही म्हणायचे नव्हते, आणि त्यांना कोणी विचारले नाही.

निघताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवी चिठ्ठी दिली: पहिल्या ताकदीचीच गोळी, रोज अर्धी. शालिग्रामांनी ती वाचून मान डोलावली.

"आता कुठं ठिकाण्यावर आले," ते म्हणाले, आणि अडकित्ता काढला.

हसू आले असेल तर हसा. मग घरातला औषधांचा डबा उघडून पाहा. त्यात अर्ध्यावर सोडलेली पाकिटे सापडली, तर तुमचा शालिग्राम कोण, ते घरच्यांना आजच सांगून ठेवा. दवाखान्यात आधी त्यालाच बोलवावे लागेल.