बुऱ्हाणपूरची पुरवणी

विसपुते सर महिन्यातले पंधरा दिवस भांडतात आणि पंधरा दिवस शांत असतात. शेजारी म्हणून मी हे चार-पाच वर्षं पाहतो आहे. भांडण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि अमावास्येला मिटतं. अपवाद एकदाच झाला. त्या पंधरवड्यात सरांना टायफॉइड होता.

सरांच्या बैठकीत दोन कॅलेंडरं शेजारीशेजारी टांगलेली आहेत. एक जळगावहून आणलेलं मराठी, दुसरं जबलपूरचं हिंदी. मराठी माणसाचा महिना अमावास्येला संपतो, हिंदी माणसाचा पौर्णिमेला. चंद्र वाढत असतो तोवर दोन्ही कॅलेंडरांवर एकच महिना असतो. तो उतरायला लागला की हिंदी कॅलेंडर पुढच्या महिन्यात जातं आणि मराठी आहे तिथेच थांबतं. बुऱ्हाणपुरात दोन्ही प्रकारची माणसं एकाच गल्लीत राहतात. पोळा सगळ्यांचा एकाच दिवशी येतो, पण आमचा श्रावणात आणि समोरच्या तिवारीजींचा भादोंमध्ये. गावाला याचं काही वाटत नाही. सरांना वाटतं.

"तिवारीजी, कोणता महिना चालू आहे?" सर फाटकातून विचारतात.

"भादों लग गया, सर."

"तुमचा लागला. आमचा श्रावण आहे. लिहून घ्या."

तिवारीजींनी आजवर काहीही लिहून घेतलेलं नाही. ते हसतात आणि दूध आणायला जातात.

सरांनी बत्तीस वर्षं सरकारी शाळेत भूगोल शिकवला, तोही हिंदीतून. घरी मराठी, वर्गात हिंदी, सासुरवाडीला अहिराणीकडे झुकणारी बोली, आणि बाजारात समोरचा बोलेल ती. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं पेन लिहायला. लाल पेन अजून निवृत्त झालेलं नाही. घरी आलेली प्रत्येक लग्नपत्रिका सर तिथीसकट तपासतात आणि कोपऱ्यात गुण देतात. माझ्या पुतणीच्या पत्रिकेला दहापैकी सहा मिळाले. लग्नाला ते आले, जेवले, आणि निघताना वधूपित्याला बाजूला घेऊन उरलेले चार कुठे गेले ते सांगितलं.

पण सरांची खरी कामगिरी फोनमध्ये आहे.

जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं एक फुकट कॅलेंडर आहे. त्यात कोणत्याही भाषेची, कोणत्याही प्रदेशाची माहिती बाहेरून जोडता येते. अशा जोडणीला सगळे प्लग-इन म्हणतात. सर पुरवणी म्हणतात. "मूळ उत्तरपत्रिका त्यांची. त्यात जागा पुरली नाही, म्हणून आपण पुरवणी लावली. दोरा नीट बांधला पाहिजे, बस."

जागा का पुरली नाही, हे ते कोणालाही फोन हातात घेऊन दाखवतात. भाषा मराठी निवडली की कॅलेंडर तुम्हाला महाराष्ट्रात नेऊन ठेवायचं. सुट्ट्या मुंबईच्या दिसायच्या. प्रदेश मध्य प्रदेश निवडला की सुट्ट्या बरोबर यायच्या, पण महिने हिंदी व्हायचे. मराठी बोलणारा आणि मध्य प्रदेशात राहणारा माणूस त्या यंत्राच्या हिशेबी जन्मालाच आलेला नव्हता.

"मतलब मी नाहीच!" सर म्हणायचे. "पिढ्या गेल्या इथे, आणि हा डबा म्हणतो, तुम्ही नाही."

मग साठी ओलांडलेला हा माणूस संगणकाच्या क्लासला जाऊन बसला. शिकवणारी मुलगी त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. ती त्यांना उभं राहून शिकवायची. सव्वा वर्षात सरांनी पुरवणी तयार केली: मराठी, मध्य प्रदेश, बुऱ्हाणपूर. महिने अमावास्येला संपणारे, सुट्ट्या भोपाळच्या, आणि सूचना सरांच्या स्वतःच्या. 'प्रतीक्षा करा' त्यांना दवाखान्यातल्या पाटीसारखं वाटलं. त्यांनी 'थांबा जरा' लिहिलं. 'रद्द करा'च्या जागी 'राहू द्या'. एखादी नोंद पुसायला गेलात तर फोन विचारतो, 'खरंच पुसू? मग बोंबलू नका.' आणि काही बिघडलं तर पडद्यावर येतं, 'चुकलं. तुमचं नाही, आमचं.' मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या आहेत. इतक्या कमी शब्दांतला खुलासा माझ्या वाचनात आलेला नाही.

या सगळ्या पुरवण्यांवर देखरेख करणारा तियागो नावाचा तरुण पोर्तुगालमध्ये राहतो. सर त्याला इंग्रजीत पत्र लिहितात, पण मायना मराठीत असतो: चि. तियागो यास अनेक आशीर्वाद. तियागोला वाटलं की चि. हे सरांचं नाव आहे. तोही प्रत्येक उत्तर 'प्रिय चि.' असं सुरू करतो. सरांनी ही चूक सुधारलेली नाही. मला ठाऊक असलेली त्यांनी सोडून दिलेली ती एकमेव चूक आहे.

गेल्या हिवाळ्यात तियागोचं जे पत्र आलं, ते घेऊन सर स्वतः माझ्याकडे आले. नवी आवृत्ती निघणार होती. ज्या पुरवणीला त्याच प्रदेशातल्या, तीच भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या माणसाची साक्ष नसेल, ती काढून टाकायची असं ठरलं होतं. चाळीस प्रश्नांची यादी होती. दुसऱ्या माणसाने प्रत्येकासमोर बरोबर किंवा चूक लिहायचं आणि खाली आपलं नाव द्यायचं. मुदत तीन आठवड्यांची.

"मी देतो की नाव," मी म्हणालो.

"तुम्ही अमळनेरचे," सर म्हणाले. "तुमची साक्ष महाराष्ट्राची. नाही चालायची."

मी बुऱ्हाणपुरात एकवीस वर्षं राहतो आहे, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पहिल्या आठवड्यात सर गल्लीतल्या प्रत्येक मराठी घरी जाऊन आले. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या नितीनने हात जोडले. "सर, मला मराठी महिना विचारू नका. मी तो सीधा रिचार्ज की तारीख याद रखता हूँ." जोशीकाकू सगळ्या प्रश्नांना 'बरोबर' लिहायला तयार होत्या, प्रश्न न वाचता. सरांनी त्यांचा कागद परत घेतला. "कॉपी करून पास व्हायचं नाही मला."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांच्या वहीत एकच नाव उरलं. ते पहिल्या दिवसापासून होतं आणि त्यावर काट मारून परत लिहिलेलं होतं. तारा, फोपनार.

ताराबाई म्हणजे सरांची मेहुणी, सरांच्या पत्नी सुमनताई यांची धाकटी बहीण. त्यांना तिथ्या तोंडपाठ आहेत आणि बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारच्या पंचक्रोशीत बायका वाण-उपासाचं त्यांनाच विचारतात. सुमनताईंना जाऊन वर्ष व्हायच्या सुमाराला सर आणि ताराबाई यांचं बोलणं बंद झालं. ते का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"शुद्ध पक्षात जाऊ," सर म्हणाले. "दोन्ही कॅलेंडरं जुळलेली असतात. भांडायला कारण नको."

माझ्या मोटरसायकलवर आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना केळी, मधून अरुंद रस्ता, समोरून घडांनी भरलेले ट्रॅक्टर. सर मागे बसले होते आणि माझ्या कानाशी बोलत होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी सांगितलं.

"सुमनच्या वर्षश्राद्धाची तिथी मी फोनमध्ये टाकली होती. मार्गशीर्ष वद्य षष्ठी. त्यात आपला मध्य प्रदेश निवडलेला. त्याने हिंदी मार्गशीर्ष धरला. महिनाभर आधीची तारीख दिली."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"हे सगळं सुमन बघायची हो. मला नद्या, पर्वत माहीत. तिथी कुठे माहीत? आपले गुरुजी नाशिकला गेले होते. मिळाले ते हिंदीवाले. ते संकल्पात म्हणाले, मार्गशीर्ष कृष्ण षष्ठी. मी म्हटलं, बरोबर. सगळं जुळून राहिलं होतं."

त्या जेवणाला मी होतो. पन्नासेक माणसं होती आणि कोणालाच काही खटकलं नव्हतं.

"ताराला फोन केला होता. ती म्हणाली, दाजी, अजून महिना आहे. मी म्हटलं, तू मला शिकवतेस? मोबाइल चुकत नसतो. ती आली नाही." "महिन्याने गुरुजी नाशिकहून परत आले. दारात उभे. म्हणाले, सर, उद्या किती वाजता येऊ?"

"मग?"

"मी म्हटलं, झालं सगळं. बत्तीस वर्षं मास्तरकी केली. चुकलो म्हणून कोणाला सांगू? खऱ्या दिवशी मी दार लावून बसलो. एक घास वाढला नाही तिला."

फोपनारला ताराबाईंच्या दारात मी गाडी उभी केली.

ताराबाई ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. सरांना पाहून त्यांनी पदर सारखा केला, पण उठल्या नाहीत.

"दाजी! वाट विसरलात का आज?"

"काम होतं."

"ते तर दिसूनच राहिलं. काम नसतं तर कशाला येता?" मग माझ्याकडे पाहून, "बसा भाऊ. हे कोण, पंच का?"

सरांनी फोन काढून सगळं समजावलं. तियागो, पुरवणी, साक्ष, मुदत. ताराबाईंनी डाळ निवडणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "वाचा."

सर एकेक प्रश्न वाचत गेले. त्या 'बरोबर' म्हणत गेल्या. 'मग बोंबलू नका' ऐकून पदराआड हसल्या. सणांच्या यादीशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"आखाजी कुठे आहे?"

"अक्षय तृतीया लिहिलंय ना. तेच ते."

"तेच ते? तेच ते चालत होतं तर एवढा खटाटोप कशाला केला? माहेरी झोका बांधायला जातो आम्ही, ती आखाजी. अक्षय तृतीयेला सोनार येतो, सोनं विकायला."

सरांनी लाल पेन काढलं आणि स्वतःच्या यादीवर दुरुस्ती केली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

चाळिसावा प्रश्न तिथी टाकून पाहण्याचा होता. साक्षीदाराने आपल्या मनाने एखादी तिथी सांगायची, यंत्राने यंदाची तारीख द्यायची, साक्षीदाराने ती पडताळायची.

"कोणती टाकू?" सरांनी विचारलं.

ताराबाईंनी सूप खाली ठेवलं. "मार्गशीर्ष वद्य षष्ठी."

सरांनी टाकली. बोट दोनदा चुकलं. पडद्यावर 'थांबा जरा' आलं आणि मग तारीख. ताराबाईंनी डोळे मिटून अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. बराच वेळ लागला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "टाका माझं नाव."

सर नाव टाकत नव्हते. फोन गुडघ्यावर ठेवून बसले होते. "तारा, त्या साली..."

"माहीत आहे."

"तुझं बरोबर होतं. मी तिला..."

"ती उपाशी नाही राहिली, दाजी." ताराबाईंचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "मी इकडे पान वाढलं होतं. खऱ्या दिवशी. दरसाल वाढते."

सरांनी चष्मा काढला. मग विचारलं, "काय केलं होतंस?"

"खीर, वडे, कढी, गंगाफळाची भाजी. आणि भरीत."

"श्राद्धाला भरीत?"

"तिला आवडायचं. कोण होतं बघायला?"

एरवी सरांनी निदान दोन गुण कापले असते.

"तिखट केलं होतंस का?"

"तिला लागायचं तेवढं."

सर उठले. ओसरीच्या पायऱ्या उतरून केळीच्या बागेपर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. फोन ते ओसरीवर माझ्याजवळ ठेवून गेले होते. नाव लिहायची जागा अजून रिकामी होती. मी त्यात ताराबाई, फोपनार असं लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली, सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी बागेकडे पाहत होतो.

"तिकडे नका बघू, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "येतील ते."