भोईट्यांची कण्हेर

ऑक्टोबर लागला की हॉलंडातल्या आमच्या आल्मेरे गावात लोक स्वतःची जाकिटं बाहेर काढतात. भोईटे आधी कण्हेरीचे कपडे काढतात. कण्हेर म्हणजे झाडच हो, कुंडीतलं, सहा फुटी. भोईटेवहिनींची जुनी शाल, त्यावर बबल रॅप आणि शेंड्याला लोकरीची टोपी, असा सगळा थाट.

भोईटे मूळचे साताऱ्याचे, आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी, आयटीत मोठे साहेब. घरामागच्या चार पावलांच्या बागेत भिंत पांढरी रंगवून, खाली खडी पसरून त्यांनी ‘भूमध्य कोपरा’ केलाय. “हवामान बदलतंय, वहिनी. अभ्यास पाहिजे,” असं ते मला सांगतात तेव्हा माझी छत्री उलटी झालेली असते. मी आपली मान डोलावते. अभ्यास माझाच कमी.

कुंडीला चाकं आहेत. ऊन आलं की कण्हेर बाहेर, वारा सुटला की आत, आणि इथे दोन्ही एकाच तासात होतं. ऑफिसची मीटिंग चालू असताना “वन मिनिट” म्हणून उठून ते कुंडी ढकलतात. हिवाळाभर मुक्काम दिवाणखान्यात, घर गरम करणाऱ्या रेडिएटरशेजारी. हळदीकुंकवाला आम्ही बायका कोपऱ्यात अंग चोरून बसतो, कारण ऐसपैस जागा बाईसाहेबांची. वर झाड विषारी, म्हणून पोराबाळांना सारखा दम. एवढं करून फूल? एक नाही. पानं कीड लागून चिकट झालेली, ती भोईटे साबणाच्या पाण्याने एकेक करून पुसतात.

पलीकडच्या डच आजी, त्रूस, यांनी एकदा तोंडावर सांगितलं, की हिला थंडीत झोपू दे, माझ्या शेडमध्ये खिडकीशी ठेव, पाणी कमी घाल, सारखा बघायला जाऊ नकोस. उबेत राहिली तर कळी धरणार नाही. भोईट्यांना ते फार लागलं. घरच्या माणसाला कुणी शेडमध्ये ठेवतं का, म्हणाले. महिनाभर आजींशी ते पावसापलीकडे बोलले नाहीत.

गेल्या वर्षी मात्र ताठा उतरला. त्यांची सई डेल्फ्टला शिकत होती, तिला पोर्तुगालमध्ये नोकरी लागली. पुढचा इथला उन्हाळा संपता संपता, म्हणजे ऑगस्टअखेर, निघायचं होतं. कण्हेर मुळात सईसाठीच. चार वर्षांची असताना इथे आली तेव्हा साताऱ्याच्या अंगणातल्या गुलाबी फुलांसाठी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं पोरीने. बापाने नर्सऱ्या पालथ्या घालून रोप आणलं. पहिलं गारठून मेलं, दुसरंही. तेव्हापासून ही शाल. आता सई जायच्या आत एक तरी फूल तिला दाखवायचं, एवढंच भोईट्यांच्या डोक्यात. नोव्हेंबरात कुंडी निमूट आजींच्या शेडमध्ये गेली. शेडची किल्ली आजींनी स्वतःजवळ ठेवली. बाईंना माणसं कळतात.

जुलैत कण्हेर नुसती लगडली. सई घरी आलीच होती. “वॉट मोय, बाबा,” म्हणाली, म्हणजे किती सुंदर. एरवी ‘मराठीत बोल’ म्हणून मागे लागणारे भोईटे त्या दिवशी नुसते तिच्याकडे बघत राहिले.

सई गेली. पुढच्या रविवारी भोईटे आमच्याकडे आले आणि स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला.

“संध्याकाळपर्यंत राहू द्या तुमच्याकडे. सारखा फोन करतो मी तिला. पोचलीस का, जेवलीस का. जरा मोकळं सोडायला पाहिजे, वहिनी.”

मला वाईट वाटलं फार. मोबाईल ओट्यावर ठेवून मी चहा टाकला.

भोईट्यांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले, “तिचा आला, तर इथवर ऐकू येईल ना?”