बाबगोंडा मगदुमांची सावली

आमच्या गावात आयकर भरणाऱ्यांचीच सावली पडते. बाकीचे उन्हात तसेच फिरतात. त्यांना त्याची सवय आहे.

दर मार्चमध्ये आयकर कार्यालयातर्फे मी सावल्या मोजायला जातो. पुरुषांच्या एका रकान्यात, बायकांच्या दुसऱ्या. पूर्वी बायकांचा रकाना मी घरी बसूनच भरून टाकायचो. दोन शिक्षिका आणि एक डॉक्टरीणबाई, संपला विषय. आता त्यासाठी गल्लीबोळ पालथे घालावे लागतात, पाय दुखतात, पण खरं सांगतो, मला बरं वाटतं.

बाबगोंडा मगदुमांची सावली मात्र दरवर्षी डोक्याला ताप व्हायची. ते अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत आणि त्यांची सावली मान खाली घालून शिलाई मशीन चालवत असे. ब्लाउज शिवायच्या त्यांच्या बायको, निर्मलाताई. त्यांच्या पायाशी नुसतं ऊन. कराचं विवरण जायचं नवऱ्याच्या नावानं. घरचं सगळं एकच, असं सगळे म्हणतात तसं तेही म्हणत. सावली ज्याच्या पायाला त्याची, असा नियम आहे. मी मुकाट्यानं 'पुरुष' लिहून पुढं जायचो.

यंदा निर्मलाताईंनी मला अडवलं.

"साहेब, ती माझी हाय. बघा की, दोरा दातानं तोडती. ह्यांना सुई कुठं ठेवलीय ते बी ठावं न्हाई."

मी बाबगोंडांना विचारलं, "तुमची हरकत?"

"हरकत कशाला असंल?" ते म्हणाले, पण पेपरची घडी काही त्यांना जमेना. "मग माझी सावली?"

"तुमची स्वतःची काही कमाई?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "न्हाई."

"मग पडणार नाही."

निर्मलाताईंनी विवरण स्वतःच्या नावानं भरलं. ते मंजूर झालं त्या दुपारी मी तपासणीला गेलो. सावली खुर्चीखालून उठली, अंगण ओलांडून गेली आणि निर्मलाताईंच्या पायाला लागली. मी पुरुषांतला एक कमी केला, बायकांत एक वाढवला. एकूण आकडा तेवढाच राहिला, त्यामुळे वरिष्ठांना कळवण्यासारखं काही नव्हतं.

बाबगोंडा वाकून खुर्चीखाली बघत होते. मला त्यांची दया आली.

"आता मला गावात कोण वळखणार?" ते म्हणाले.

"का?" निर्मलाताई म्हणाल्या. "माझी पडत नव्हती, तवा तुम्ही मला वळखत हुता की."

बाबगोंडा उठले.

"थांब, च्या टाकतो," म्हणत ते आत निघाले. उंबऱ्याशी अडखळले आणि मागं वळले.

"निर्मला, तुला साखर किती लागती गं?"